घराची रांग आणि मताची रांग

१६ सप्टेंबर १९९३ ची रात्र. थेम्स नदीच्या मोठ्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेला पूर्व लंडनचा एक तुकडा आहे, आइल ऑफ डॉग्ज. तिथल्या मिलवॉल प्रभागातल्या एका जागेच्या पोटनिवडणुकीची मोजणी संपली. ब्रिटिश नॅशनल पार्टीचे (बीएनपी) डेरेक बीकन यांना १,४८० मतं, लेबर पक्षाच्या उमेदवाराला १,४७३. अवघ्या सात मतांनी एका उघड वंशवादी पक्षाला ब्रिटनमधली आपली पहिली नगरसेवकाची जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी देशभरात हलकल्लोळ झाला. आठ महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, सर्व जागांची निवडणूक झाली तेव्हा बीकन यांची मतं घटली नव्हती. ती वाढून २,०४१ झाली होती. तरी ते पडले, कारण एरवी घरी बसणारे लोक या वेळी बाहेर पडले आणि प्रभागातल्या सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी मतदान केलं. लेबरने तिन्ही जागा घेतल्या, वर्तमानपत्रांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते दोन हजार एक्केचाळीस लोक काय मागत होते हा प्रश्न फायलीत बंद झाला.

मिलवॉल ज्या टॉवर हॅम्लेट्स बरोत येतं, तिचा साठ वर्षांचा निवडणूक-इतिहास हा प्रश्न पुन्हा उघडायला लावतो. लंडनच्या ३२ बरोंपैकी प्रत्येक बरो म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद असलेली जवळपास एक महापालिकाच. टॉवर हॅम्लेट्सची गोष्ट इंग्लंडमध्ये बहुधा वंशाची आणि धर्माची गोष्ट म्हणून सांगितली जाते: आधी गोऱ्यांचा द्वेष, मग बांगलादेशी मुसलमानांची एकगठ्ठा मतं, शेवटी भ्रष्ट महापौर आणि न्यायालय. हे सगळं तिथे घडलं, यात वाद नाही. पण निकालांचे आकडे ओळीने लावून पाहिले तर खालून एक वेगळाच झरा वाहताना दिसतो. या बरोत सत्ता हलली ती बहुतेक वेळा एकाच वादावरून: सरकारी घर कुणाला मिळणार, आणि रांगेत पुढे कुणी उभं राहायचं. वंश आणि धर्म ही त्या भांडणाची भाषा होती, मूळ भांडण जागेचं होतं. मुंबईच्या वाचकाला हे फार समजावून सांगावं लागू नये.

बरो जन्मली १९६५ साली, बेथनल ग्रीन, पॉप्लर आणि स्टेपनी या तीन जुन्या बरो एकत्र करून. पहिली निवडणूक मात्र आदल्या वर्षीच, मे १९६४ मध्ये, होऊन गेली होती. तिन्ही वस्त्या गोदीकामगारांच्या, शिंप्यांच्या, हातगाडीवाल्यांच्या. पॉप्लरचा तर स्वतःचा दंतकथेसारखा इतिहास होता. १९१९ च्या निवडणुकीत तिथे ४२ पैकी ३९ जागा लेबरने जिंकल्या आणि जॉर्ज लान्सबरी महापौर झाले. युद्धानंतरच्या बेकारीत गरिबांना मदत द्यायची जबाबदारी त्या-त्या बरोवरच होती आणि तो पैसा घरपट्टीतून उभा करायचा होता. म्हणजे जिथे गरीब जास्त तिथेच पट्टी जास्त. पश्चिमेकडच्या श्रीमंत बरोत तेवढ्याच दराने कितीतरी पट रक्कम जमायची आणि तिथे मदत मागणारं जवळपास कुणी नसायचं. हा अन्याय मोडायला पॉप्लरच्या नगरसेवकांनी लंडन कौंटी कौन्सिल या महानगर-प्रशासनाच्या वाट्याची रक्कम भरायलाच नकार दिला. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये तीस जण तुरुंगात गेले. त्यात पाच स्त्रिया होत्या, आणि त्यांतली एक गरोदर होती. नगरपरिषदेच्या बैठका ब्रिक्स्टनच्या तुरुंगात भरू लागल्या आणि त्यांना हजर राहण्यासाठी स्त्री-सदस्यांना हॉलोवेच्या तुरुंगातून गाडीने आणावं लागे. सहा आठवड्यांनी सरकारने माघार घेतली आणि श्रीमंत बरोंनी गरीब बरोंच्या मदतीचा भार वाटून घ्यावा असा कायदा झाला. पॉप्लरकरांचा धडा साधा होता: आपली बरो आपल्या माणसांसाठी भांडते. ‘आपली माणसं’ म्हणजे कोण, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, कारण तो विचारायची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बनी गोद्यांभोवतीच्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. त्या जागांवर परिषदेने आणि लंडनच्या महानगर-प्रशासनाने इमारतींवर इमारती उठवल्या. १९८० च्या आसपास टॉवर हॅम्लेट्समधल्या पाचांपैकी चार घरांचा मालक सरकारी होता. या एका आकड्यात बरोचं राजकारण दडलंय. जिथे घरमालक तोच नगरसेवक, तिथे नळ गळण्यापासून मुलीचं लग्न झाल्यावर तिला जवळ खोली मिळण्यापर्यंत सगळं राजकीय होतं. लेबरचं राज्य मजबूत होतं. १९७४ साली साठपैकी साठ जागा त्या पक्षाच्या होत्या. विरोधकच नसलेल्या सभागृहात नगरसेवकाला मतदाराची भीती उरत नाही, आणि मतदारालाही मतदान केंद्रापर्यंत जाण्याचं कारण उरत नाही. घरं वाटली जायची ती राहणाऱ्याच्या वर्षांवर, ओळखीवर आणि थोड्याफार वशिल्यावर. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी १९५७ साली बेथनल ग्रीनच्या कुटुंबांवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यातलं जग हेच: आई एका गल्लीत, लग्न झालेली लेक पुढच्या गल्लीत.

ही घडी १९७७ च्या बेघरविषयक कायद्याने विस्कटली. यापुढे घर देताना राहण्याची वर्षं मोजायची नव्हती, गरज मोजायची होती. डोक्यावर छप्पर नसलेल्या कुटुंबाची सोय करणं परिषदेवर बंधनकारक झालं. त्याच काळात बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेले पुरुष, जे वर्षानुवर्षं स्पिटलफील्ड्सच्या शिवणखोल्यांत आणि कोंदट खोल्यांत एकटे राहत होते, बायकामुलांना आणू लागले. सहा-सात जणांचं कुटुंब एका खोलीत. गरज मोजायची तर ही माणसं रांगेत पहिली येणारच होती. कायदा न्याय्य होता. पण त्याच वेळी नवी घरं बांधणं मंदावलं आणि १९८० पासून भाडेकरूंना घर विकत घ्यायचा हक्क मिळाल्यामुळे उरलेला साठाही आटू लागला. रांग वाढली, खिडकी अरुंद झाली. ४ मे १९७८ रोजी, नेमक्या स्थानिक निवडणुकीच्या दिवशी, अल्ताब अली हा तरुण बांगलादेशी शिवणकामगार व्हाइटचॅपलमध्ये कामावरून घरी जाताना भोसकून मारला गेला. नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाचे उमेदवार त्या दिवशी बरोभर उभे होते. एकही निवडून आला नाही. त्याच निवडणुकीत लिबरल पक्षाने मात्र पहिल्यांदा सात जागा मिळवल्या, आणि पुढच्या सोळा वर्षांची पटकथा खरं तर तिथेच सुरू झाली.

लिबरलांचा उदय नीट पाहण्यासारखा आहे, कारण वंशवादाच्या सरधोपट गोष्टीत तो बसत नाही. हे लोक इंग्लंडमध्ये सौम्य, उदार, सुशिक्षित मध्यमवर्गाचे प्रतिनिधी मानले जातात. टॉवर हॅम्लेट्समध्ये त्यांनी वेगळा मार्ग काढला. दारोदार पत्रकं, तुटलेला दिवा, तुंबलेलं गटार, बंद पडलेली लिफ्ट. लेबरचा नगरसेवक दारात दिसायचा नाही. लिबरल कार्यकर्ता दर महिन्याला पत्रक टाकून जायचा. १९८६ साली त्यांनी २६ विरुद्ध २४ अशी सत्ता मिळवली, १९९० साली ३० विरुद्ध २० अशी पक्की केली. सत्तेत येताच त्यांनी बरोचे सात तुकडे करून प्रत्येकाला जवळपास स्वतंत्र कारभार दिला: बो, ग्लोब टाउन, स्टेपनी, वॉपिंग, पॉप्लर, बेथनल ग्रीन, आइल ऑफ डॉग्ज. कारभार दाराशी आला हे खरं. पण घरवाटपात त्यांनी जी योजना पुढे केली तिचं नावच होतं ‘सन्स अँड डॉटर्स’, म्हणजे इथल्या भाडेकरूंच्या मुलामुलींना प्राधान्य. मराठीत याला आपण भूमिपुत्र म्हणतो, आणि तो शब्द ऐकला की कोण आत आणि कोण बाहेर हे वेगळं सांगावं लागत नाही. योजनेत कातडीच्या रंगाचा उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती. ज्यांचे आईवडील इथले जुने भाडेकरू, ते बहुतेक गोरेच होते. त्याच सुमारास बांगलादेशातलं घर सोडून आलेली कुटुंबं ‘जाणूनबुजून बेघर’ झाली आहेत असं ठरवून परिषदेने त्यांची जबाबदारी झटकायला सुरुवात केली. वांशिक समानता आयोगाने १९८८ साली या बरोच्या बेघरविषयक कारभारात भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला. मिलवॉलच्या निकालानंतर लिबरल डेमोक्रॅट पक्षाने (लिबरलांचं तेव्हाचं नाव) स्वतः नेमलेल्या, लॉर्ड लेस्टर यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीनेही आपल्याच लोकांच्या पत्रकांवर ताशेरे ओढले. बीकन यांना मिळालेली मतं आकाशातून पडली नव्हती. ‘आपल्या पोरांना घर नाही’ हे वाक्य प्रतिष्ठित पक्षाने सात वर्षं दारोदार पोचवलं होतं. बीकन यांच्या पक्षाने फक्त त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मोठ्याने म्हटला. आइल ऑफ डॉग्जवर तेव्हा एकीकडे कॅनरी वॉर्फ या नव्या व्यापारी संकुलाचा मनोरा उभा राहिला होता आणि दुसरीकडे जुन्या गोदीकामगारांची मुलं घरांच्या यादीत थांबली होती. अशा वेळी नव्याने बांधलेली काही घरं बांगलादेशी कुटुंबांना मिळाली. मनोऱ्यावर राग काढता येत नव्हता. शेजाऱ्यावर काढता आला.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. वंशवादाला जागेच्या टंचाईचं निमित्त देणं म्हणजे त्याला सभ्य कपडे चढवणं नव्हे का? जेफ डेंच, केट गॅव्हरॉन आणि मायकेल यंग यांचं ईस्ट एंडवरचं नवं पुस्तक २००६ साली आलं तेव्हा हाच वाद पेटला होता. गरजेवर आधारलेल्या वाटपाने जुन्या रहिवाशांना उपरं केलं असा त्यांचा सूर होता आणि टीकाकारांनी त्यावर द्वेषाची वकिली केल्याचा ठपका ठेवला. माझ्या मते दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. टंचाई माणसाला वंशवादी करतेच असं नाही. पॉप्लरमध्ये १९२१ साली याहून भीषण टंचाई होती आणि तिथल्या पुढाऱ्यांनी लोकांचा राग शेजाऱ्याकडे न वळवता श्रीमंत बरोंकडे वळवला. रागाला दिशा देणारा कोण होता, यावर पुढचं सगळं अवलंबून राहिलं. मिलवॉलमधला गुन्हा द्वेषाचाच होता, पण वाट दाखवणारे सभ्य होते, आणि हे म्हणणं त्यांना माफ करणं नाही.

१९९४ मध्ये लेबर ४३ जागांनी परतलं. यानंतरच्या निकालांवर एक झटपट नजर टाकली तरी पुरे, पण मध्ये एक माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा आकडा आहे आणि तो लपवणं बरं नाही. २००६ साली ‘रिस्पेक्ट’ या नव्या पक्षाने एका झटक्यात १२ जागा घेतल्या आणि लेबर ५१ पैकी २६ वर, म्हणजे बहुमताच्या काठावर आलं. त्याच्या आदल्या वर्षी याच पक्षाचे जॉर्ज गॅलोवे यांनी बेथनल ग्रीन आणि बो मधून संसदेची जागा ८२३ मतांनी जिंकली होती. हा राग इराक युद्धाचा होता, घराचा नव्हे. इथे घराची गुरुकिल्ली लागत नाही. पण त्याच निवडणुकीत दुसरं कुलूप तिने उघडतं: चार वर्षांपूर्वी एकही जागा नसलेल्या हुजूर पक्षाला २००६ मध्ये सात जागा मिळाल्या, त्या नदीकाठच्या नव्या, काचेच्या, खाजगी फ्लॅटांच्या पट्ट्यात. घराची मालकी बदलली की मत बदलतं. रिस्पेक्ट चार वर्षांत एका जागेवर आला. नदीकाठचे हुजूर पक्षीय मात्र २०१० मध्ये आठ झाले.

पुढचा अंक मराठी वाचकालाही ऐकून माहीत असेल. मे २०१० मध्ये बरोने जनमत घेऊन थेट निवडून येणारा महापौर स्वीकारला. लेबरच्या स्थानिक सदस्यांनी लुत्फुर रहमान यांना उमेदवारी दिली. पक्षश्रेष्ठींनी ती कापली. ते अपक्ष उभे राहिले आणि ऑक्टोबरमध्ये २३,२८३ मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. अधिकृत उमेदवाराला ११,२५४ मतं. मतदान मात्र जेमतेम पंचवीस टक्क्यांच्या आसपास. २०१४ मध्ये लेबरच्या जॉन बिग्ज यांचा त्यांनी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीत ३७,३९५ विरुद्ध ३४,१४३ असा पराभव केला. त्यानंतर चार मतदारांनी याचिका केली आणि २३ एप्रिल २०१५ रोजी निवडणूक आयुक्त रिचर्ड मॉरी यांनी ती निवडणूक रद्द केली. बोगस मतदान, टपाली मतांतले गैरव्यवहार, प्रतिस्पर्ध्याला वंशवादी ठरवणारा खोटा प्रचार, बरोच्या अनुदानांतून मतांची खरेदी अशी निष्कर्षांची लांब यादी होती. सगळ्यांत विलक्षण कलम होतं ‘अनुचित धार्मिक दबावा’चं. मतदानाच्या सहा दिवस आधी एका बंगाली साप्ताहिकात १०१ इमाम आणि मौलानांच्या सह्यांचं पत्र छापून आलं होतं. या कलमाची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या आयर्लंडमध्ये, कॅथलिक पाद्र्यांच्या मतदारांवरच्या वजनाविरुद्धच्या खटल्यांत आहेत. शतकाहून अधिक काळ ते झोपलं होतं. त्याच इंग्रजी कायद्याचं बी १९२० साली भारतीय दंडसंहितेत रुजलं आणि तिथून लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलं. म्हणून आपल्याकडेही मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा निवडणूक-गुन्हा आहे. धर्माच्या नावावर मत मागण्याचं आपलं कलम वेगळं. त्याच कलमाखाली डॉ. रमेश प्रभू यांची १९८७ ची विलेपार्ल्याची निवड मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निकाल कायम केला. तिथे आठ वर्षं लागली, टॉवर हॅम्लेट्सला अकरा महिने. न्यायाला विलंब न झाल्याचं कौतुक करायला हरकत नाही.

आता सगळ्यांत मोठा आक्षेप. न्यायालयाने धर्म आणि भ्रष्टाचार सिद्ध केला असताना घराचं तुणतुणं कशाला वाजवायचं? उत्तर २०२२ च्या निकालात आहे. त्या निकालाने घातलेली पाच वर्षांची बंदी संपवून रहमान परत आले, ‘अस्पायर’ नावाचा पक्ष घेऊन, आणि दुसऱ्या फेरीत ४०,८०४ विरुद्ध ३३,४८७ मतांनी बिग्ज यांना हरवलं. परिषदेत अस्पायरला ४५ पैकी २४ जागा. इमामांचं तसं पत्र या वेळी नव्हतं, पोलिसांची आणि पत्रकारांची नजर मात्र होती. २०१४ च्या निवडणुकीबाबत फौजदारी पातळीवरही पोलिसांना खटला भरण्याइतका पुरावा सापडला नव्हता. मग लोक कशाला मत देत होते? जाहीरनामा पाहावा: सामाजिक भाड्याची हजारो घरं, शाळेत मोफत जेवण, शिकणाऱ्या मुलांना भत्ता, मोटारींना बंद केलेले रस्ते पुन्हा खुले. शाळेतलं मोफत जेवण पुढे माध्यमिक विद्यार्थ्यांपर्यंत नेलंही गेलं. रहमान यांचा कारभार निर्मळ आहे असा याचा अर्थ नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने पुन्हा बरोत आपले प्रतिनिधी पाठवले, आणि त्याआधीच्या तपासणी अहवालात कारभारावर कडक टीका होती. पण मतदार मशिदीतून आदेश घेऊन येतो असं म्हणणाऱ्याने हेही सांगावं की तोच मतदार २०१८ मध्ये लेबरला ४५ पैकी ४२ जागा कसा देऊन गेला. एकगठ्ठा मत दर चार वर्षांनी गठ्ठा बदलत असेल तर त्याला साधं मत म्हणावं.

आणि या बेचाळीस जागांतच दुसरी गोम आहे. त्या वर्षी महापौरपदासाठी बिग्ज यांना पहिल्या पसंतीची मतं पन्नास टक्क्यांच्या आत होती, त्यांच्या पक्षाच्या जागा मात्र नव्वद टक्क्यांहून जास्त. प्रभागात दोन-तीन जागा, मतदाराला तितकीच मतं, आणि सर्वाधिक मतांचे पहिले दोन-तीन विजयी. पुण्यात २०१७ साली चार जणांचा प्रभाग होता, पण तिथे अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागेची लढत तरी स्वतंत्र होती. इथे एक पक्ष थोडा पुढे गेला की सगळा प्रभागच गिळतो. लेबरचे साठपैकी साठ असोत वा ४२, हरलेल्या अर्ध्या बरोला सभागृहात तोंडच नसतं. मग त्यांचा राग साचतो आणि पुढच्या वेळी कुठल्यातरी नव्या नावाने फुटतो: लिबरल, बीएनपी, रिस्पेक्ट, अपक्ष, अस्पायर. लंडनच्या राजकारणातला सगळ्यांत अस्थिर समाज म्हणून टॉवर हॅम्लेट्सकडे बोट दाखवणाऱ्यांनी त्या समाजाला दिलेला तराजू आधी तपासायला हवा होता. सरकारने त्याऐवजी मतदान केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं केलं, मतदान कक्षात दोघांनी एकत्र जाण्यावर बंदी घातली आणि महापौराच्या निवडणुकीतली दुसरी पसंती काढून टाकली. म्हणजे महापौर याहूनही कमी मतांवर निवडून येण्याची वाट मोकळी झाली.

एक गंमत जाता जाता. ब्रिटनच्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही. तिथे कायदेशीर राहणारा राष्ट्रकुलातला कुणीही यादीत नाव घालू शकतो. सिल्हेटहून आलेल्या पहिल्या पिढीच्या मतांचं रहस्य इतकंच होतं. कॅनरी वॉर्फच्या एखाद्या बँकेत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा मराठी तरुणही टॉवर हॅम्लेट्सचा महापौर निवडू शकतो. तो बहुधा ते करत नाही, कारण त्याचं घर परिषदेच्या हातात नाही.

२०२१ च्या जनगणनेत या बरोत ३ लाख १० हजार लोक होते, इंग्लंडमध्ये सर्वांत दाट. त्यांतल्या वीस हजारांहून अधिक कुटुंबांची नावं आजही परिषदेच्या घरांच्या प्रतीक्षायादीत आहेत.